कसूर दारावर, निवाडा खुर्चीचा

इतिहासाच्या पुस्तकांत साखरखेर्ड्याची नोंद बहुधा एका लढाईपुरती येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यातले हे गाव वऱ्हाडात पळसिद्धांच्या मठासाठी आणि प्रल्हाद महाराज रामदासींसाठी ओळखले जाते. पण ऑक्टोबर १७२४ मध्ये इथल्या रानात जे घडले, त्याने पुढची सव्वादोनशे वर्षे दख्खनचा कारभार कोणाच्या हाती राहणार ते ठरवले. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान इथे समोरासमोर आले, मुबारिझखान आपल्या दोन मुलांसह पडला आणि निजामाने गावाचे नाव फतेहखेडा करून टाकले. कागदोपत्री ते नाव बराच काळ चालले. गावकऱ्यांनी मात्र साखर सोडली नाही.

या लढाईतला खरा चमत्कारिक भाग रणांगणावर घडलेला नाही. मुबारिझखान हा काही बंडखोर नव्हता. हैदराबादच्या या सुभेदाराला दिल्लीच्या बादशहाने, महंमदशहानेच, दख्खनची सुभेदारी देऊ केली होती आणि निजामाला हटवण्यासाठी तो बादशाही इशाऱ्यावर निघाला होता. म्हणजे साखरखेर्ड्यात मारला गेला तो सरकारचा माणूस. एल्फिन्स्टनच्या इतिहासात नोंद आहे की, निजामाने त्याचे शिर दिल्लीला पाठवले आणि बंड मोडल्याबद्दल बादशहाचे अभिनंदनही केले! बादशहाने काय करावे? त्याने हे अभिनंदन गिळले. पुढच्याच वर्षी, १७२५ मध्ये, निजामाला ‘आसफजाह’ हा किताब मिळाला. मुबारिझखानाला कोणी पाठवले, कोणाच्या भरवशावर पाठवले, तो पडला त्याला कोण जबाबदार, हे प्रश्न दरबारात कोणी विचारले नाहीत. विचारले असते तर बोट तख्ताकडेच गेले असते.

राज्यसंस्थेच्या रखवालीत कसूर झाली की किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न या परिसराला त्याआधीही भेटून गेला होता. साखरखेर्ड्याचा तालुका म्हणजे लखुजी जाधवरावांचे सिंदखेड. २५ जुलै १६२९ रोजी लखुजी निजामशाही दरबारात मुजऱ्याला गेले ते दौलताबादच्या किल्ल्यात. त्या काळी दख्खनमध्ये त्याहून सुरक्षित सरकारी वास्तू शोधून सापडली नसती. कातळ तासून केलेला खंदक, भुलभुलैयाचा अंधारा मार्ग, दारामागून दारे. शत्रूला आत येणे जवळजवळ अशक्य होते. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची कत्तल झाली ती बाहेरून आलेल्या शत्रूकडून नव्हे, तर दरबारातल्याच लोकांकडून. जिजाऊंच्या माहेरावर एका दिवसात एवढा घाला पडला, तेव्हा शिवरायांचा जन्म अवघ्या काही महिन्यांवर होता.

त्या काळी राजीनामा नव्हता, पण हिशेब होता. जाधवांचे घराणे मोगलांकडे वळले, शहाजीराजेही निजामशाही सोडून गेले. भरवसा उडालेल्या सरदारांशिवाय ते राज्य कसेबसे चार वर्षे तगले. दगाबाजीने मुर्तजा निजामशहाचा जीव गेला तो त्याच्याच वजिराच्या, मलिक अंबरचा मुलगा फतहखान याच्या, हातून. आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले. सिंदखेड राजात लखुजींची भव्य समाधी उभी आहे. ज्या दरबारात ते मारले गेले, तो दरबार मात्र उरला नाही.

१७२४ नंतर साखरखेर्ड्यासाठी ‘सरकार’ नेहमी दूर कुठेतरी बसत आले. आधी औरंगाबादेत, नंतर हैदराबादेत. मग १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी आणि कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये कर्झनने हा व्यवहार वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यात बदलला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. आता कचेरी नागपुरात. गंमत अशी की नावाची मालकी हैदराबादचीच होती. १९३६ मध्येसुद्धा निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. १९५६ मध्ये बुलढाणा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याआधी, सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला एक शब्द दिला गेला होता: सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात बसेल आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तिथे होईल. हा शब्द पाळला गेला म्हणूनच विदर्भातल्या मोर्चांना दर हिवाळ्यात नागपूरचे विधान भवन हे एक हमखास दार मिळाले.

लोकशाहीत दार आणि खुर्ची यांचे नाते बदलले. दारावर पोलीस असतो, पण तो चुकला तर प्रश्न आत खुर्चीवर बसलेल्याला विचारायचा असतो. भारतात ही रीत रुजवण्याचे श्रेय लालबहादूर शास्त्रींना दिले जाते. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळ मुलखात अरियलूरजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला आणि रेल्वेमंत्री असलेल्या शास्त्रींनी पद सोडले. रूळ काही त्यांनी उखडले नव्हते. खाते त्यांचे होते, एवढेच पुरेसे मानले गेले.

सरकारी इमारतीच्या सुरक्षेवरून केंद्रीय गृहमंत्र्याचे पद जाण्याचा ठळक प्रसंग घडला तो दहा वर्षांनी. ७ नोव्हेंबर १९६६. गोहत्याबंदीच्या मागणीसाठी साधूंचा आणि त्यांच्या अनुयायांचा प्रचंड जमाव संसद भवनावर चालून गेला. जमाव आत घुसू पाहू लागला, गोळीबार झाला, माणसे मेली. परतताना दिल्लीत वाहने जळाली, काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांच्या निवासस्थानावर हल्ला झाला. गृहमंत्री होते गुलझारीलाल नंदा. नंदांचा या मंडळींशी जुना घरोबा होता, भारत साधू समाजाच्या पाठीशी तेच उभे राहिले होते. आपल्याच जिव्हाळ्याच्या लोकांचा मोर्चा कुठवर जाईल याचा अंदाज गृहखात्याला आला नाही, हा ठपका टाळणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. दोन दिवसांत त्यांनी पद सोडले.

त्या खुर्चीवर आले यशवंतराव चव्हाण. दुसऱ्याच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसण्याची त्यांची दिल्लीतली ही दुसरी वेळ. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन गेले, तेव्हा संरक्षण खाते सांभाळायला सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचे महाराष्ट्राने अभिमानाने सांगितले. चार वर्षांनी त्याच सह्याद्रीला संसदेच्या दाराची डागडुजी करायला गृहखात्यात बसवण्यात आले. १४ नोव्हेंबर १९६६ पासून जून १९७० पर्यंत ते तिथे होते. आणि नंदा? १९७० मध्ये ते रेल्वेमंत्री म्हणून मंत्रिमंडळात परत आले.

नंदांचे हे परतणे लक्षात ठेवायला हवे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक राजीनाम्यात ते पुन्हा भेटते.

महाराष्ट्रातला सगळ्यात दारुण प्रसंग नागपूरचा आहे, त्याच विधान भवनाच्या वाटेवरचा. गोवारी हा विदर्भातला गुरे राखणारा समाज. गावची गुरे रानात न्यायची आणि दिवाळीत गोधनाच्या पूजेत मान घ्यायचा, ही त्यांची पिढ्यान्पिढ्यांची जागा. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद होती. आपण तेच, असे गोवारींचे म्हणणे. १९८५ मध्ये राज्य सरकारने एका निर्णयाने हा दावा अडवला आणि दाखले मिळेनासे झाले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी चाळीस-पन्नास हजार गोवारी हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन नागपुरात आले. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती.

मोर्चा सीताबर्डीच्या परिसरात, झिरो माइलपासून हाकेच्या अंतरावर अडवला गेला. मागणी साधी होती: सरकारमधल्या कोणीतरी बाहेर येऊन निवेदन घ्यावे. तास गेले, कोणी आले नाही. संध्याकाळी लाल दिव्याची गाडी दिसली आणि मंत्री आले अशा समजुतीने लोक पुढे सरकले, असे त्या दिवसाचे वर्णन आजही नागपुरात ऐकायला मिळते. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मागे हटायला जागा नव्हती. एका बाजूला लोखंडी कठडे, दुसऱ्या बाजूला काटेरी कुंपण. ११४ माणसे मेली. बहुतेक चेंगरून, काही कुंपणावर चढताना. मेलेल्यांत बायका आणि मुलेच जास्त होती.

इथे सुरक्षेची कसूर नेमकी कोणती? विधान भवनाला ओरखडाही आला नाही. कोणी सभागृहात घुसले नाही, आमदारांना धक्का लागला नाही. पोलीस नोंदीच्या भाषेत इमारतीचा बंदोबस्त यशस्वी झाला होता. ११४ जण ज्या बंदोबस्तात गेले, त्याची आखणी आतल्यांना बाहेरच्यांपासून वाचवण्यासाठी केलेली होती. बाहेरच्यांना कठड्यापासून वाचवायचे कलम त्यात नव्हतेच.

मुख्यमंत्री शरद पवार होते. राजीनामा दिला तो आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी, नैतिक जबाबदारी म्हणून. पिचड अकोल्याचे, म्हणजे वऱ्हाडातल्या नव्हे, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे, महादेव कोळी समाजातून वर आलेले नेते. निवेदन घ्यायला गेले नाहीत, हा त्यांच्यावरचा आरोप. पण लाठी आदिवासी विकास खात्याच्या ताब्यात नसते. कठडे कुठे लावायचे, किती लोकांना किती चिंचोळ्या जागेत थोपवायचे, हे त्या खात्यात ठरत नाही. ज्या खात्याच्या हाती काठी होती, तिथली खुर्ची हलली नाही. ज्या खात्याच्या हाती फक्त मोर्चाचा कागद होता, तिथली गेली.

सरकारने न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने घटना दुर्दैवी ठरवली आणि कोणावरही दोष ठेवला नाही. मतदारांनी मात्र आयोगाची वाट पाहिली नाही. १९९५ च्या निवडणुकीत काँग्रेस ८० जागांवर आली आणि मार्चमध्ये मनोहर जोशींचे युती सरकार बसले. त्या पराभवाला मुंबईतले बॉम्बस्फोट, भ्रष्टाचाराचे आरोप, बंडखोरांचे पीक अशी पुष्कळ कारणे होती. विदर्भात त्यात गोवारींचे मरणही मोजले गेले. नव्या सरकारने १९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेतले. सीताबर्डीत स्मारक झाले, पुढे उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव मिळाले. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान पिचड विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले आणि पुढे पुन्हा आदिवासी विकास मंत्रीही.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र महाराष्ट्राला तपशिलात आठवते. हॉटेले आणि रेल्वे स्थानक यांच्या गदारोळात एक सरकारी इमारत थोडी विसरली जाते: कामा रुग्णालय. दोन अतिरेकी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून तिकडे शिरले. पहारेकरी पडले. वॉर्डातल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी जड दारे ओढून लावली आणि वीस गर्भवतींना आतल्या लहानशा खोलीत दडवले. त्या रात्री कामाच्या त्या मजल्यावर सरकार म्हणून जे काही होते, ते पांढऱ्या गणवेशात होते.

मग काही दिवसांत तीन मराठी खुर्च्या डळमळल्या. ३० नोव्हेंबरला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर गेले. १ डिसेंबरला राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, बड्या शहरात अशा छोट्या घटना होतात, या अर्थाचे त्यांचे हिंदी वाक्य त्यांना भोवले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख जळालेल्या ताजमहाल हॉटेलच्या पाहणीला गेले, तेव्हा सोबत मुलगा रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. ते चित्र टीव्हीवर दिसल्यावर त्यांनाही जावे लागले. ८ डिसेंबरला अशोक चव्हाणांनी शपथ घेतली. तिघांचे पद नेमक्या कोणत्या कसुरीसाठी गेले, हे त्या आठवड्यात कोणालाच सांगता आले नसते, कारण चौकशी सुरू व्हायची होती. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती डिसेंबरअखेर नेमली गेली आणि २००९ च्या वसंतात तिचा अहवाल आला. त्यात मुख्य बोट पोलीस आयुक्त हसन गफूर यांच्याकडे होते: त्या रात्री त्यांचे नेतृत्व दिसले नाही. म्हणजे राजकीय शिक्षा एका वाक्याला आणि एका दृश्याला झाली, आणि प्रशासकीय ठपका आला तो त्यानंतर चार महिन्यांनी, वेगळ्याच माणसावर.

देशमुख मे २००९ मध्ये केंद्रात मंत्री झाले. आर. आर. पाटील नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच गृहखात्यात परतले. शिवराज पाटील जानेवारी २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. नंदांपासून सुरू झालेली ही रीत पाहिली की, राजीनामा हे पक्षाने मधल्या काळासाठी दिलेले बिनपगारी रजेचे पत्र वाटू लागते. तरीही त्या रजेला अर्थ होता. ती घेतली गेली म्हणजे झाले ते आपल्या अंमलात झाले, एवढे तरी कोणीतरी कबूल करत होते.

पुढच्या दशकात ही कबुलीही विरळ झाली. २१ जून २०१२ रोजी दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले जळाले. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांची दालने सहाव्या मजल्यावर होती. पाच जण मेले. त्यांत बारामतीहून कामासाठी आलेले लोकही होते. राज्याचा कारभार जिथून चालतो त्या इमारतीत आग विझवण्याची व्यवस्था का तोकडी पडली, याची चर्चा महिनोन्‌महिने चालली. त्यापायी मंत्रिमंडळातली कोणतीही खुर्ची रिकामी झाली नाही. इमारत मात्र नव्याने सजली.

जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील सौरऊर्जा प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी मंत्रालयात आले आणि तिथेच त्यांनी विष घेतले. २८ जानेवारीला ते वारले. पुढच्या महिन्यात एका माणसाने वरच्या मजल्यावरून उडी मारून जीव दिला. सरकारने उत्तर दिले ते मंत्रालयाच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळी ताणून. मोबदल्याचे अर्ज किती दिवसांत निकाली काढायचे, याच्या मुदतीपेक्षा जाळी लवकर लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच जाळीवर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी आदिवासी आमदारांसह उडी घेतली. धनगर समाजाला अनुसूचित जमातींत घेण्याला त्यांचा विरोध होता. नागपुरात यादीत शिरण्यासाठी माणसे मेली होती; मुंबईत यादी राखण्यासाठी खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष सत्तेच्या इमारतीत उडी मारत होते.

दिल्लीतही हिशेबाची दिशा उलटी झाली. १३ डिसेंबर २०२३ रोजी, २००१ च्या संसद हल्ल्याच्या स्मृतिदिनीच, दोन तरुण प्रेक्षक कक्षातून लोकसभेत उतरले आणि पिवळा धूर सोडला. बाहेर धूर सोडणाऱ्यांत लातूर जिल्ह्यातला एक जण होता. आठ सुरक्षा कर्मचारी निलंबित झाले. गृहमंत्र्यांनी निवेदन करावे म्हणून गोंधळ घालणारे दोन्ही सभागृहांतले विरोधी खासदारही निलंबित झाले. त्या अधिवेशनात हा आकडा १४६ वर गेला. १९६६ मध्ये संसदेच्या दाराशी गोंधळ झाला तेव्हा मंत्री बाहेर गेला होता. या वेळी मंत्र्याला प्रश्न विचारणारे गेले.

१७ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विधान भवनाच्या लॉबीत जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर या दोन आमदारांच्या समर्थकांत मारामारी झाली. कोणी कोणाला पास दिला, कोण कोणाबरोबर आत आले, यावर सभागृह तापले. अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी दोन्ही आमदारांना खेद व्यक्त करायला सांगितले आणि यापुढे सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि सरकारी अधिकारी यांनाच आवारात प्रवेश मिळेल, असे जाहीर केले. मंत्रालयात त्याच वर्षी चेहरा ओळखणारी यंत्रणा आणि प्रवेशासाठी मोबाइलवरची नोंदणी आली होती. साखरखेर्ड्याहून पीक विम्याचा किंवा जमिनीचा कागद घेऊन निघालेला माणूस आता सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्ग धरतो आणि पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर मुंबईत पोहोचतो. तिथे फाटकावर त्याला आधी मोबाइल काढून आपली नोंदणी दाखवावी लागते.